बड्या हॉटेलात सोय कुणाची?

मुलाची नोकरी, इस्पितळाची फेरी, या ना त्या कारणाने बेंगळूर कुणाला चुकले आहे? हल्ली मुलेच हौसेने आई-वडिलांसाठी एम. जी. रोडच्या बाजूला पंचतारांकित बिझनेस हॉटेलात खोली घेतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळीच पोहोचते. संगोळ्ळी रायण्णांच्या नावाच्या मेट्रो स्थानकातून पर्पल लाइन थेट एम. जी. रोडला नेते. इथवर सगळे छान. खोली मात्र दुपारी 2 ला! तोवर आजी आंघोळीविना लॉबीतल्या सोफ्यावर. आदल्या दिवशी फोन करून लवकर खोली मागावी. रिकामी असली तर बरेचदा मिळते, कधी जादा पैसे मोजून.

ही हॉटेले मुळात कंपनीच्या खर्चाने येणाऱ्या एकट्या माणसासाठी. त्यामुळे टेबल, इंटरनेट, इस्त्री, शांतता अव्वल. सकाळच्या नाश्त्याला तर तोड नाही. इडली, वडा, फिल्टर कॉफी हवी तितकी. पण बादली-तांब्या मागितल्याशिवाय मिळायचा नाही, आणि कपड्यांची धुलाई नगावर. छोट्या फ्रिजमधल्या चॉकलेटला नातवाने हात लावला की बिलात आलेच. खोलीचे भाडे दिवसाला 7,500 रुपयांच्या वर गेले की 18 टक्के जीएसटी निराळा.

काउंटरवरच्या इंग्रजीने बिचकू नये. सरळ कन्नडातून विचारावे, समोरचा चेहराही सैलावतो. आणि जमल्यास शनिवार-रविवार गाठावा. कंपन्यांची माणसे घरी गेलेली असतात, दर अनेकदा उतरतात.