मोठे लाउडस्पीकर आणि लहान घर

जालन्याच्या जुन्या वस्तींतील वाडा सोडून एखादें कुटुंब नव्या इमारतींतील दोन-तीन खोल्यांत राहावयास निघालें, म्हणजे कपाटें, पलंग, पितळेचीं भांडीं यांचा निकाल लवकर लागतो. वाद अडतो तो दिवाणखान्यांतील दोन मोठ्या लाउडस्पीकरांपाशीं. कमरेइतक्या उंच सागवानी पेट्या, आंत बारा किंवा पंधरा इंची कागदी शंकु, आणि जोडीला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. तरुण मंडळींना त्यांत अडलेली जागा दिसते. ज्यांनीं त्यांवर आयुष्यभर गाणें ऐकलें, त्या वडील माणसांना वाटतें कीं, पेटी लहान झाली म्हणजे गाणेंहि लहान होणार. ही भीति अगदींच निराधार नाहीं; परंतु ती नेमकी कोठें खरी आहे हें पाहिल्यावांचून पेट्या विकणें किंवा हट्टानें नव्या घरांत कोंबणें, दोन्ही घाईचें होईल.

मोठी पेटी हौसेखातर मोठी नव्हती. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खरजाची तार सेकंदाला सुमारें ६९ वेळां कंप पावते, आणि त्या कंपनाचा हवेंतील तरंग जवळजवळ ५ मीटर लांबीचा असतो. इतका खालचा स्वर ऐकूं येण्याजोगा करावयाचा तर पुष्कळ हवा ढकलली पाहिजे. राइस आणि केलॉग या अमेरिकन इंजिनियरांनीं १९२५ सालीं आजच्या पद्धतीचा लाउडस्पीकर वर्णन केला. त्यानंतर कितीएक वर्षें हवा ढकलण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठा शंकु व मोठी पेटी हाच होता. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यानें लहान पेटी हवाबंद करून आंतल्या हवेसच स्प्रिंगचें काम दिलें, आणि पुस्तकांच्या कपाटांत मावणाऱ्या पेटींतून खर्ज निघूं लागला. मात्र त्याची किंमत द्यावी लागली. खालचा स्वर, लहान पेटी आणि थोडक्या विजेंत मोठा आवाज या तिहींपैकीं दोनच गोष्टी एका वेळीं मिळतात.

आतां खोलीचा विचार. वाड्यांतील दिवाणखाना लांबट, त्याचीं दारें ओसरीकडे व चौकाकडे उघडीं. खर्जाचा अधिकउणा भाग त्या दारांतून बाहेर निघून जाई. जिल्हा कापसाचा, खालीं गाद्या, मागें लोड, त्यामुळें वरचे कर्कश स्वरहि शोषले जात. नव्या घरांतील बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोली म्हणजे सिमेंटची बंद डबी! समोरासमोरच्या भिंतींमध्यें ध्वनि मागें-पुढें आदळतो, आणि या मापाच्या खोलींत सेकंदाला सुमारें ४७ व ५७ कंपनांचे स्वर भलतेच फुगतात. मोठा लाउडस्पीकर नेमके तेच स्वर जोरानें देणार. तो कोपऱ्यांत ठेवला तर अधिकच. मग डग्ग्याचा घुमार तबल्यावर पसरतो आणि शब्द गढूळ होतात. वाड्यांत जो गुण होता तोच येथें दोष होतो. वडील माणसांनीं यंत्र बिघडलें म्हणून दुरुस्तीस पाठवावें आणि दोष मात्र खोलीचा निघावा, असें सहज घडूं शकतें.

लहान पेटीनें काय गमावतें? डग्ग्याचा खालचा घुमार आणि अंगाला जाणवणारा ध्वनीचा दाब, हें काहीं अंशीं खरोखरच जातें. तंबोरा मात्र समजला जातो तितका गमावत नाहीं. खरजाच्या तारेंत ६९ च्या बरोबरच १३८, २०७, २७६, ३४५ अशीं कंपनें असतात. त्यांतील ३४५ चें कंपन म्हणजेच गवयांचा स्वयंभू गंधार. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं तंबोऱ्याच्या या समृद्धीचा अभ्यास १९२० च्या सुमारास केला होता. हे वरचे स्वर नीट मिळाले म्हणजे मूळ खर्ज क्षीण असला तरी कान तो स्वतःच भरून काढतो. याच बळावर बी. बी. सी. नें १९७० नंतरच्या दशकांत बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठीं जेमतेम फूटभर उंचीचा एल. एस. ३/५ ए हा लाउडस्पीकर वापरला, आणि पुढें तो कितीएक संगीतप्रेमी घरांतहि गेला.

अडचण येते ती अँप्लिफायरची, आणि तिच्याकडे बहुधा कोणी पाहत नाहीं. जुनी मोठी पेटी जेथें १ वॅट शक्तींत भागवी, तेथें लहान पेटीस तेवढ्याच आवाजासाठीं ८ ते १० वॅटहि लागूं शकतात. खोली लहान असल्यानें श्रोता जवळ बसतो व ही तूट काहींशी भरते. तरी दहा वॅटांचा जुना अँप्लिफायर नव्या पेट्यांवर धापा टाकूं लागला तर नवल नाहीं. म्हणून पेट्या निवडतांना त्यांची संवेदनशीलता किती डेसिबल हें विचारावें, व ओहमचा आंकडा अँप्लिफायरच्या मागील खुणेशीं जुळवावा. जुन्या पेट्या काढून नेल्यावर व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकर न जोडतां कधींहि चालूं करूं नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. लहान पेट्या बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर, कोपऱ्यापासून दूर ठेवाव्या. एका भिंतीशीं कापसाची जाड गादी उभी केली तरी वरच्या स्वरांचा कर्कशपणा उतरतो.

जुन्या पेट्या नवी जोडी आठ-पंधरा दिवस ऐकून झाल्याशिवाय देऊन टाकूं नयेत. शंकूच्या कडेचा फोम भुगा झाला असेल तर तो बदलतां येतो. वाळवी लागली असेल तर मात्र मोह सोडावा. एखाद्या घरीं एका पेटीपुरती जागा निघाली, तर ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीं ती एकटीच ठेवण्यास हरकत नाहीं. त्या तबकड्या एकाच लाउडस्पीकरासाठीं ध्वनिमुद्रित झालेल्या असतात, आणि त्यांत अतिखालचा स्वर थोडाच असल्यानें लहान खोलीहि फारशी घुमत नाहीं.