काम काय करता?

रात्रपाळी सुटल्यावर सकाळी दापोडी स्टेशनात लोकलमधून उतरणाऱ्या माणसांचे हात पाहावेत. प्रेसमध्ये बोट गेलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. प्लेटिंगच्या टाकीवर राबणाऱ्याचा हात मात्र जवळून बघावा लागतो. नखाच्या कडेला किंवा बोटाच्या पेरावर मसुराच्या दाण्याएवढा गोल खड्डा असतो. कडा उंच आणि टणक, तळाशी काळपट खपली. तो फारसा दुखत नाही, आणि इथेच घात होतो. हळद भरून, वर चिकटपट्टी गुंडाळून माणूस पुन्हा त्याच टाकीवर उभा राहतो.

ही क्रोमची जखम. गाड्यांचे सुटे भाग चकचकीत किंवा टणक करण्यासाठी ते क्रोमिक ॲसिडच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. टाकी साधारण 50 अंशांवर तापलेली असते. वीज सुरू झाली की बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. हातावर साधा ओरखडा असला तरी क्रोमला आत शिरायला तेवढी वाट पुरते. श्वासातून जातं ते नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतं. आधी नाक गळतं, मग खपल्या धरतात, अधूनमधून रक्त येतं आणि शेवटी पडद्याला आरपार भोक पडतं. हेही बहुतेकदा न दुखता. श्वास घेताना कधी बारीक शिट्टी वाजते, एवढंच. क्रोमिक ॲसिडमधल्या सहा संयुजेच्या क्रोमियमने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, याबद्दल आता कुणाला शंका उरलेली नाही.

टाकीच्या काठालगत हवा ओढून घेणारा एक्झॉस्ट, पृष्ठभागावर तुषार दाबून धरणारं रसायन आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, एवढ्याने बरंचसं टळतं. नाकाला बांधलेल्या रुमालाने काहीही टळत नाही. महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 मध्ये क्रोमिक ॲसिडच्या प्लेटिंगसाठी वेगळं परिशिष्ट आहे. म्हणजे हा धोका सरकारदरबारी साठ वर्षांपूर्वीपासून माहीत आहे.

याहून फसवी एक गोष्ट स्टेनलेस स्टीलच्या फॅब्रिकेशनमध्ये वापरतात. वेल्डिंगनंतर सांध्यावर काळे-निळे डाग पडतात, ते घालवायला ब्रशने पिकलिंग पेस्ट लावतात. त्यात नायट्रिक ॲसिड असतं आणि हायड्रोफ्लुओरिक ॲसिडही. दुसरं ॲसिड सौम्य असलं तर लागल्या लागल्या कळतही नाही. दुपारी बोटाला लागलेलं रात्री घरी, जेवायला बसल्यावर ठणकायला लागतं. वरून कातडी जराशी लाल दिसते आणि आत ते हाडापर्यंत उतरत असतं. शरीरातलं कॅल्शियम ते बांधून टाकतं, आणि जास्त प्रमाणात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. लगेच भरपूर पाण्याने धुणं, कपडे उतरवणं आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळणं हा त्यावरचा प्रथमोपचार. पेस्टचा डबा जिथे असेल तिथे या जेलची ट्यूब असलीच पाहिजे. ॲसिड लागलं म्हणून चुना किंवा टूथपेस्ट फासणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, आधी नळाखाली हात धरा, पंधरा-वीस मिनिटं धरा.

पेंट शॉपमध्ये पाळी संपताना रंगाने माखलेले हात थिनरनेच धुतात. थिनर कातडीतला तेलकटपणा ओढून घेतं, हातांना भेगा पडतात आणि त्या भेगांतून ते अंगात जातं. दोन डब्यांतून मिसळायच्या रंगातलं हार्डनर काहींना कायमचा दमा जडवतं. सीएनसी मशिनच्या कूलंटने होणारी खाज तर इतकी घरोघर आहे, की तिला कुणी आजार म्हणतच नाही.

आपल्या बातम्यांत येतात ते स्फोट आणि आगी. 7 जून 2021 ला मुळशीतल्या उरवड्यात क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं बनवणाऱ्या कारखान्यात 17 कामगार होरपळून गेले, त्यातल्या 15 बायका होत्या. 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलझडी-मेणबत्त्यांचा कारखाना पेटला. तिथेही मृतांत बहुतेक महिलाच. ती माणसं निदान मोजली तरी गेली. नाकाला भोक पडलेला हेल्पर कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तो आकड्यात का येत नाही, याचं एक कारण खुद्द कायद्यात आहे. क्रोमियमपासून होणारे आजार भरपाईपात्र व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. तो आजार जडला की कामावरचा अपघात धरून मालकाकडून भरपाई मिळू शकते. मात्र अट अशी, की कामगाराची त्या मालकाकडे सलग सहा महिने नोकरी हवी. तसलंच काम दुसऱ्या मालकाकडे केलेलं असलं तर ते त्यात धरत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिता आल्या, त्यातही ही अट राहिली. आता ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोराचं बघा. इथे चार महिने, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे पाच महिने. टाकी तशीच, ॲसिड तेच, मालक मात्र दर वेळी नवा. तीन वर्षं क्रोम हुंगूनही कागदावर त्याचे सहा महिने भरत नाहीत.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं गेलं. आपण काय हाताळतो आणि त्याने काय होतं, हे जाणून घेण्याचा हक्क कामगाराला त्यातून मिळाला. प्रत्यक्षात रसायनाची माहितीपत्रकं फाइलला लावून कपाटात ठेवली जातात आणि ऑडिटच्या दिवशी बाहेर निघतात. शेडमध्ये थिनर असतं ते पाण्याच्या बाटलीत, लेबलाविना.

दुसरं कारण दवाखान्यात आहे. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि वैद्यांना सांगितलं, की रोग्याला एक प्रश्न आणखी विचारा: तू काम काय करतोस? आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यात नाव, वय, वजन, बीपी लिहून होतं. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘नोकरी’. मग खाजेला मलम, खोकल्याला सिरप, आणि पुढचा पेशंट.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपणच सांगावं. कामावरच्या डब्याच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा. चिंचवडच्या मोहननगरमधलं ईएसआय रुग्णालय असो की घराजवळचा दवाखाना, केसपेपरवर लिहून घ्यावं. ‘नोकरी’ नव्हे. ‘क्रोम प्लेटिंग, अडीच वर्षं, उजव्या हाताच्या तर्जनीवर जखम’, आणि खाली तारीख.