शिवलेली नऊवारी
शिवलेली नऊवारी हा निऱ्या व कासोटा आधीच शिवून सुलभ केलेला नऊवारी लुगड्याचा प्रकार आहे. मूळ लुगडे 9 वार, म्हणजे सुमारे 8.2 मीटर लांबीचे अखंड वस्त्र असते. ते कमरेला गाठ मारून, निऱ्या खोचून व मागे कासोटा घालून नेसतात. कापडाचेच थर एकावर एक येत असल्याने आत परकर लागत नाही. आजऱ्यासारख्या (जि. कोल्हापूर) भातशेतीच्या भागात चिखलातील रोपलावणीस वर खोचलेले लुगडे सोयीचे असते. नित्य वापरात पुढे सहावारी साडी रूढ झाली. तिला परकर आवश्यक असतो. शिवलेली नऊवारी थोड्या वेळात, कोणाच्या मदतीविना घालता येते, म्हणून ती सणसमारंभांत लोकप्रिय आहे. मात्र ती ठरावीक मापाचीच असते. अखंड लुगडे आई, लेक व सून या तिघींनाही बसते. शिवणीमुळे सोय झाली, परंतु नेसण्याचे कौशल्य सरावाअभावी मागे पडत आहे.