घोड्याची पाठ, आपले वजन आणि मनातील संकोच

माथेरानला जाणाऱ्या वाचकांना एक दृश्य परिचित असेल. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि पुढचा प्रवास पायी किंवा घोड्यावरून सुरू होतो. घोडेवाला समोरच्या कुटुंबावर एकवार नजर फिरवतो आणि मनातल्या मनात वाटणी करून टाकतो. वडिलांना थोराड घोडा, आईला मध्यम चणीचा, मुलीला लहानसे तट्टू. त्याच्या नजरेत चेष्टा नसते, हिशेब असतो. पण त्याच वेळी कुटुंबातलेच कोणीतरी म्हणते, "काकू वर बसल्या तर घोडा खाली बसेल हो!" सगळे हसतात. काकूही हसतात आणि "मला चालायलाच आवडते" असे म्हणून पुढे चालू लागतात.

वाचकहो, घोडेवाल्याची नजर आणि त्या विनोदाची नजर यांत मोठे अंतर आहे. पहिली नजर विचारते, या पाठीला हा भार पेलेल का? दुसरी माणसालाच तोलू लागते. सुटीतील शिबिरांमुळे आणि शहरांजवळच्या रपेट-केंद्रांमुळे मध्यमवर्गीय घरांतली मुले आणि मोठी माणसेही आता घोडेस्वारी शिकू लागली आहेत. अशा वेळी या दोन नजरा वेगळ्या ओळखता येणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे.

प्रश्न घोड्याच्या पाठीचा आहे

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घोड्याला वजनाची मर्यादा असते. ती लपवून कोणाचाही आत्मविश्वास वाढवू नये, कारण घोडा मुका असला तरी त्याची पाठ दुखते.

सर्वसाधारणपणे वापरला जाणारा संकेत असा, की घोड्याच्या पाठीवरील एकूण भार त्याच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. एकूण भार म्हणजे केवळ स्वार नव्हे. खोगीर, रिकिबी, हेल्मेट, बूट, कपडे हे सारे त्यात आले. अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन त्यांना व्यायाम करवला. २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक जाणवला नाही. २५ टक्क्यांना स्नायूंच्या दुखऱ्या होण्याची लक्षणे दिसू लागली आणि ३० टक्क्यांना ती अधिक ठळक झाली. अभ्यास लहान होता, तरी व्यवहारासाठी एक उपयुक्त रेघ त्याने आखून दिली.

ही रेघही सर्व घोड्यांना सारखी लागू होत नाही. रुंद कमरेचा, जाड हाडाचा, सरावातला घोडा अधिक भार पेलतो. म्हातारा, अशक्त किंवा पाठीवर खोगीर नीट न बसलेला घोडा कमी पेलतो. सपाट मैदानावरची अर्ध्या तासाची रपेट आणि दगडधोंड्यांच्या चढणीवरची दोन तासांची रपेट यांचा हिशेबही एक नव्हे.

दोन माणसे, दोन उत्तरे

आता एक साधे गणित करू. समजा, घोड्याचे वजन ३५० किलो आहे. त्याच्या २० टक्के म्हणजे ७० किलो. खोगीर आणि इतर साहित्याचे ८ किलो धरले, तर स्वारासाठी ६२ किलो उरतात.

या घोड्यासमोर दोन माणसे उभी आहेत. एक सहा फूट उंचीचा, ७६ किलो वजनाचा सडसडीत तरुण. दुसरी पाच फूट उंचीची, ६० किलो वजनाची गृहिणी. तरुणाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, साधारण २२.७ येतो. भारतीयांसाठी २३ पर्यंतचा आकडा निरोगी मानला जातो, म्हणजे त्याला कोणी जाड म्हणणार नाही. गृहिणीचा निर्देशांक जवळजवळ २६ येतो. आपल्याकडील निकषांनुसार २५ च्या पुढे स्थूलता धरली जाते.

तरीही या घोड्यावर बसायला योग्य आहे ती गृहिणी. तरुणासाठी हा घोडा लहान आहे. त्याला ४५० किलोचा घोडा द्यावा लागेल, म्हणजे ९० किलोंपैकी साहित्य वजा जाता ८२ किलो उरतील.

यावरून लक्षात येईल, की घोड्याचा हिशेब आणि आरोग्याचा हिशेब हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत, आणि दिसण्याचा या दोहोंशीही संबंध नाही. त्या गृहिणीने रक्तातील साखर, रक्तदाब आणि कमरेचा घेर तपासून घ्यावा, असे मी डॉक्टर म्हणून अवश्य सांगेन. स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या वर कमरेचा घेर गेला, की सावध व्हावे. पण ती तपासणी दवाखान्यात व्हावी, तबेल्याच्या दारात नव्हे. तबेल्यात तिला एवढेच विचारायचे आहे, की माझ्या वजनाला साजेसा घोडा आपल्याकडे आहे का? नसेल, तर उणीव घोड्यांच्या संख्येत आहे, तिच्यात नाही.

मांड म्हणजे काय?

आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे, मांड. चांगल्या स्वाराची मांड पक्की असते, असे आपण म्हणतो. या शब्दात मांड्यांचा आधार आहे, कमरेची स्थिरता आहे आणि मनाची निश्चिंतीही आहे.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर मांड ही पोटाचे व पाठीचे खोलवरचे स्नायू, मांडीच्या आतील बाजूचे स्नायू, खुब्याची लवचीकता आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा यांचे संयुक्त काम आहे. घोडा चालतो तेव्हा स्वाराचे कटिस्थान मागेपुढे, वरखाली आणि दोन्ही बाजूंना हलते. ही हालचाल माणसाच्या चालण्याशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणूनच मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून उपयोग केला जातो.

ही कौशल्ये सरावाने येतात. बारीक शरीर असले म्हणजे ती आपोआप लाभतात असे नाही. दुडक्या चालीत पाठीवर आदळत राहणारा हलका स्वार घोड्याला बराच त्रास देऊ शकतो, आणि शांतपणे तोल सांभाळणारा वजनदार स्वार त्याला तुलनेने सुसह्य वाटू शकतो. अर्थात तोल कितीही चांगला असला, तरी वर सांगितलेली मर्यादा ओलांडण्याचा परवाना मिळत नाही.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण येथे आठवते. गर्भवती असताना त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखालील पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना इतरांची मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या प्रकारात रौप्यपदक मिळवले. स्त्रियांना ऑलिंपिकच्या या प्रकारात प्रथमच प्रवेश मिळाला, ते हेच वर्ष. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्यपदक जिंकले. स्वाराचे शरीर 'असेच' असले पाहिजे या समजुतीला याहून समर्पक उत्तर मिळणार नाही.

संकोच घोड्यापर्यंत पोहोचतो

माझ्याकडे काही महिन्यांपूर्वी एका पंधरा वर्षांच्या मुलीला तिची आई घेऊन आली. तक्रार होती ती शनिवारी सकाळी होणाऱ्या पोटदुखीची. तपासणीत काही आढळले नाही. शनिवार हा तिच्या घोडेस्वारीच्या वर्गाचा दिवस होता. सगळ्यांसमोर घोड्यावर चढताना तिला दोन वेळा प्रयत्न करावा लागला होता, आणि मागून कोणीतरी घोड्याची कीव केली होती. त्यानंतर तिने वर्ग सोडला, संध्याकाळी खेळायला जाणेही बंद केले आणि खोलीत बसून खाणे वाढले. सहा महिन्यांत तिचे वजन पाच किलोंनी वाढले होते.

लाज वाटली की माणूस वजन कमी करील, असा अनेकांचा प्रामाणिक समज असतो. अनुभव आणि संशोधन दोन्ही उलटच सांगतात. वजनावरून हिणवलेली माणसे व्यायामाची जागा टाळतात, गुपचूप खातात आणि डॉक्टरकडे जाणेही लांबवतात.

घोड्यावर या संकोचाचा आणखी एक परिणाम होतो. अवघडलेला स्वार श्वास रोखतो, खांदे ताठ करतो, लगाम घट्ट ओढतो. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यावर बसलेल्या किंवा घोड्याला हाताने चालवणाऱ्या माणसांना सांगण्यात आले, की पुढच्या फेरीत समोर अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले! म्हणजे जो शिक्षक विद्यार्थ्याला हिणवतो, तो घोड्यालाही अस्वस्थ करतो. निर्धास्त स्वार ही सुरक्षिततेचीच बाब आहे.

दुसरे टोक : उपाशी स्वार

वजनाच्या धाकाने केवळ जाड माणसेच पिचतात, असे नाही. शर्यतीच्या मैदानावर, मग ते मुंबईचे महालक्ष्मी असो वा इंग्लंडमधले, जॉकीला शर्यतीआधी आणि नंतर वजनकाट्यावर उभे राहावे लागते. घोड्याने किती भार वाहायचा हे ठरलेले असते आणि त्यात बसण्यासाठी काही जॉकी उपवास, वाफेचे स्नान, पाणी न पिणे, जुलाब, ओकाऱ्या असे मार्ग पत्करतात.

एकोणिसाव्या शतकातील विख्यात इंग्रज जॉकी फ्रेड आर्चर १८७४ पासून सलग तेरा वर्षे अव्वल ठरला. त्याची उंची सुमारे पावणेसहा फूट होती. जॉकीच्या मानाने ती फारच. वजन उतरवण्यासाठी तो उपास करी, जुलाब घेई, वाफेत बसे. पत्नीच्या मृत्यूचे दुःख, खंगलेले शरीर आणि तापाची ग्लानी अशा अवस्थेत १८८६ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी त्याने स्वतःचे जीवन संपवले. घोडदौडीच्या मैदानांवरील सॉना ब्रिटनमध्ये कायमचे बंद होण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले.

शरीरातील पाणी असे काढून टाकले, की लक्ष विचलित होते, प्रतिक्रिया मंदावतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. दीर्घकाळ अर्धपोटी राहिल्यास हाडे ठिसूळ होतात. जॉकींच्या हाडांची घनता कमी आढळल्याचे अभ्यास आहेत, आणि ज्या खेळात पडणे अटळ आहे तेथे ठिसूळ हाड म्हणजे मोडलेले हाड. मुलींमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही धोक्याची पहिली सूचना समजावी. आपले मूल शर्यतीत उतरणार नसेल, तरी तंग पोशाख आणि 'स्वार कसा शिडशिडीत दिसावा' ही कल्पना त्याला याच वाटेवर नेऊ शकते.

सुरुवात करण्यापूर्वी

१. केंद्रावर फोन करतानाच आपले वजन सांगावे आणि योग्य घोडा आहे का, ते विचारावे. चांगले केंद्र हा प्रश्न ऐकून हसणार नाही. उलट, वजन न विचारता कोणालाही कोणत्याही घोड्यावर बसवणारे केंद्र टाळावे.

२. चढताना उंच पायरी किंवा ओटा वापरावा. त्यात कमीपणा नाही. सडपातळ स्वारानेही तो वापरावा, कारण रिकिबीला लोंबकळत चढल्याने घोड्याच्या पाठीवर एका बाजूने ताण येतो.

३. डोक्याला नीट बसणारे, हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट आणि लहान टाच असलेले बंद बूट अनिवार्य समजावेत. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

४. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. तबेल्यातील मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

५. फिट येणे, गर्भावस्था, हाडांचा ठिसूळपणा, मणक्याचे दुखणे, अनियंत्रित रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घोड्यावर बसू नये.

६. मांडीसाठी घरी तयारी करावी. एका पायावर तीस सेकंद उभे राहणे, सावकाश उठाबशा, सेतुबंधासन आणि बद्धकोणासन यांचा दहा-पंधरा मिनिटांचा रोजचा सराव पुरेसा आहे.

७. वजन कमी करायचेच असेल, तर आठवड्याला अर्धा किलो ही गती पुरे. शर्यतीच्या जॉकीचे मार्ग घरात येऊ देऊ नयेत.

पालकांसाठी दोन शब्द

वर्गाहून परतलेल्या मुलाला "किती कॅलरी जळल्या?" असे विचारू नका. "आज घोड्याचे नाव काय होते? त्याने तुझे ऐकले का?" असे विचारा. पहिला प्रश्न मुलाला काट्याकडे नेतो, दुसरा कौशल्याकडे. वर उल्लेखिलेल्या मुलीच्या बाबतीत आम्ही तिच्या शिक्षकांशी बोललो. त्यांनी तिला मोठा घोडा दिला, चढण्यासाठी ओटा ठेवला आणि पहिले काही वर्ग इतरांच्या वेळेआधी घेतले. पोटदुखी गेली. वजन फारसे उतरलेले नाही, पण ती पुन्हा संध्याकाळी घराबाहेर खेळताना दिसते, आणि उपचाराच्या दृष्टीने मला ही प्रगती काट्यावरील आकड्याहून मोलाची वाटते.

या सुटीत घोड्याच्या पाठीवर बसण्याची संधी आली, तर घोडेवाल्याला आपले वजन निःसंकोच सांगा आणि त्याने निवडलेल्या घोड्यावर विश्वासाने बसा. आणि सोबतच्या काकू "मला चालायलाच आवडते" म्हणाल्या, तर त्यांना एकदा पुन्हा विचारा.