दोन्ही पायांचा लेफ्ट बॅक

जर्मनीचा लेफ्ट बॅक अँड्रियास ब्रेमे याच्या डाव्या पायात जोर होता आणि उजव्यात नेम. त्याचा जन्म १९६० मध्ये हांबुर्ग शहरात झाला. वडील स्वतः फुटबॉलच्या शिक्षणात मुरलेले; दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. बार्मबेक-उलेनहोर्स्ट या स्थानिक क्लबातून निघालेला ब्रेमे एक मोसम सारब्रुकेनकडून खेळला आणि १९८१ मध्ये कैझर्सलाउटर्नला आला. १९८६ मध्ये बायर्न म्युनिकने त्याला घेतले आणि पुढच्याच वर्षी संघ बुंडेसलिगा जिंकला.

१९८८ मध्ये तो आणि त्याचा बायर्नमधला सहकारी लोथार माटेउस असे दोघेही इंटर मिलानला गेले. बचाव ही इटालियनांची खास विद्या; तिथे परक्या बचावपटूने नाव काढणे सोपे नव्हते. पहिल्याच मोसमात प्रशिक्षक त्रापातोनींच्या इंटरने लीग जिंकली. बगलेवरून वर चढणारा आणि आत वळून कोणत्याही पायाने क्रॉस टाकणारा ब्रेमे हे त्या संघाचे मोठे हत्यार होते. त्याला अडवणाऱ्याने कोणती बाजू बंद करायची?

८ जुलै १९९० रोजी रोममध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना होता, समोर अर्जेंटिना. सामना रटाळ आणि धुसफुशीचा झाला. ८५ व्या मिनिटाला जर्मन आघाडीपटू रुडी फोलर पेनल्टी क्षेत्रात पडला आणि मेक्सिकन पंच कोडेसाल यांनी पेनल्टी दिली. तिच्याबद्दल आजही वाद घालता येतो. एरवी ती माटेउसने मारायची, पण त्याचा बूट सामन्यातच निकामी झाला होता आणि बदललेल्या बुटावर त्याचा भरवसा नव्हता. पुढे आला ब्रेमे. चार वर्षांपूर्वीच्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याने डाव्या पायाने गोल केला होता. रोममध्ये त्याने उजवा वापरला. त्याच स्पर्धेत पेनल्टी अडवून नाव कमावलेल्या अर्जेंटिनाच्या गोलरक्षक गोयकोचेआने बरोबर दिशेला झेप घेतली, तरी खांबालगत सरपटत गेलेला चेंडू त्याच्या हाती लागला नाही. पश्चिम जर्मनी १-० ने जिंकली.

इंटरकडून १९९१ चा यूएफा चषक आणि मग स्पेनमध्ये झारागोझाकडे एक मोसम. १९९३ मध्ये ब्रेमे कैझर्सलाउटर्नला परतला, आणि कारकिर्दीचा सर्वांत नाट्यमय भाग पस्तिशीनंतर घडला. मे १९९६ मध्ये लेव्हरकुझेनमधल्या १-१ बरोबरीने क्लब इतिहासात प्रथमच बुंडेसलिगातून खाली घसरला. प्रतिस्पर्धी संघातून आपला शेवटचा सामना खेळलेल्या फोलरच्या खांद्यावर डोके टेकून ब्रेमे रडला. आठवड्याभरातच याच संघाने कार्ल्सरूहला हरवून जर्मन चषक जिंकला; त्या सामन्यात ब्रेमे मैदानाबाहेर काढला गेला होता. प्रशिक्षक ओटो रेहागेल यांच्या हाताखाली क्लब वर्षभरात वर आला आणि १९९८ मध्ये थेट विजेता ठरला. नुकत्याच बढती मिळालेल्या संघाने बुंडेसलिगा जिंकण्याचा हा एकमेव प्रसंग. सदतिशीतला ब्रेमे तिथेच थांबला. देशासाठी त्याने ८६ सामन्यांत ८ गोल केले होते.

२००० ते २००२ त्याने कैझर्सलाउटर्नचे प्रशिक्षकपद सांभाळले; खेळाडू म्हणून मिळवलेली उंची त्याला तिथे गाठता आली नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी म्युनिकमध्ये त्याचे निधन झाले. १९९० च्या संघाचे प्रशिक्षक फ्रान्झ बेकेनबाउअर सहाच आठवडे आधी गेले होते.