हवा लागताच पाणी होणारा दगड

पावसाळ्यात कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे आता सगळीकडे मिळतात. वरच्या कप्प्यात पांढरे खडे, खाली रिकामी जागा. मागच्या जुलैत कपड्यांना कुबट वास यायला लागला म्हणून असा एक डबा आणला आणि रोज उघडून पाहायची सवय लागली. आधी खड्यांच्या कडा चकाकू लागल्या, मग खडे एकमेकांना चिकटले, आणि काही दिवसांनी खालच्या कप्प्यात बोटभर पाणी साचलं. कुठूनही थेंब पडलेला नव्हता. ते सगळं पाणी कपाटातल्या हवेतलं होतं.

हे खडे कॅल्शियम क्लोराइडचे असतात आणि ते कारखान्यात तयार होतात. पण याच जातीचा, याहूनही विलक्षण असा एक दगड निसर्गात सापडतो. त्याचं नाव टॅकीहायड्राइट. ग्रीक भाषेत ‘टाखिस’ म्हणजे जलद आणि ‘हायडोर’ म्हणजे पाणी. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिश रामेल्सबर्ग यांनी १८५६ साली त्याचं वर्णन करताना हे नाव दिलं, कारण उघड्या हवेत ठेवला की तो भराभर पाझरू लागतो.

कॅल्शियमचा एक अणू, मॅग्नेशियमचे दोन, क्लोरिनचे सहा आणि त्यांच्यासोबत पाण्याचे बारा रेणू, अशी त्याची घडण. वजनाचा हिशेब मांडला तर या दगडात जवळजवळ ४२ टक्के पाणीच आहे. एवढं पाणी पोटात असूनही त्याची तहान भागत नाही, हे मला त्याच्याबद्दलचं सर्वांत मोठं नवल वाटतं. रंग मेणासारखा किंवा मधासारखा पिवळा, कधी अगदी निरंगी. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. हाताला हलका, म्हणजे पाण्याच्या जेमतेम पावणेदोन पट जड. साधं मीठ सव्वादोन पटींच्या आसपास भरतं. चवीला कडू. संग्राहक त्याला हवाबंद काचनळीत ठेवतात, कारण मांडणीत उघडा ठेवलेला नमुना पुढे ओल्या डागाच्या रूपातच उरतो.

असं का होतं, ते मिठाच्या बरणीवरून चटकन कळतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं. कोकणातल्या श्रावणात ती पातळी सहज ओलांडली जाते, म्हणून आपण बरणीत तांदळाचे दाणे टाकतो. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ३३ टक्के आर्द्रता पुरते आणि कॅल्शियम क्लोराइडला त्याहूनही थोडी कमी. मिठागरातून आलेलं जाडं मीठ लवकर पाझरतं, त्यालाही कारण त्यात चिकटून आलेला मॅग्नेशियमचा कडवट अंश. टॅकीहायड्राइट तर या दोन हावऱ्या क्षारांच्या जोडीतूनच घडलेला. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर धरला की तो थर पुन्हा हवेतली वाफ ओढतो, आणि बघता बघता दगड विरघळून जातो.

मग असा दगड कोट्यवधी वर्षं टिकला तरी कसा?

पहिल्यांदा तो सापडला जर्मनीतल्या श्टासफुर्टला. तिथे प्रशियाच्या सरकारने १८३९ साली मिठासाठी बोअर मारायला घेतला. मीठ लागलं, पण त्याच्या वरच्या थरांतून येणारं पाणी कडू होतं. पुढे खाणी खणल्यावर हे पोटॅश आणि मॅग्नेशियमचे रंगीत क्षार ‘टाकाऊ’ म्हणून बाजूला फेकले जात. रसायनशास्त्रज्ञ आडॉल्फ फ्रांक यांनी १८६१ मध्ये त्यांतून पोटॅश खत काढण्याचा कारखाना उभारला आणि त्या टाकाऊ मालावर जगभरच्या शेतीचा एक उद्योग उभा राहिला. आपल्याकडचे ऊस बागायतदार जे म्युरिएट ऑफ पोटॅश वापरतात, त्याची सुरुवात तिथली. टॅकीहायड्राइट त्या कामाचा नव्हता. श्टासफुर्टला तो घट्ट अ‍ॅनहायड्राइट खडकामध्ये पिवळसर गोलसर गोळ्यांच्या रूपात, थोडाथोडका मिळत असे. दीर्घकाळ तो एक दुर्मीळ कुतूहल म्हणूनच राहिला.

दुर्मीळ का, याचं उत्तर समुद्र आटण्याच्या क्रमात आहे. उसिल्यो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली भूमध्य समुद्राचं पाणी आटवून पाहिलं. आधी चुन्याचे क्षार खाली बसले, मग जिप्सम, मग मीठ, आणि शेवटी कडू क्षार. मिठागरातही हेच चालतं. आजच्या समुद्रात कॅल्शियमपेक्षा सल्फेट जास्त आहे, त्यामुळे जिप्सम बनतानाच कॅल्शियम जवळपास संपतं. ज्या दगडाला अगदी शेवटच्या कडवट पाण्यात कॅल्शियम हवं, तो आजच्या समुद्राच्या पाण्यातून थेट बनूच शकत नाही.

आणि तरीही ब्राझीलच्या सर्जिपी राज्यात तेल शोधताना जमिनीखाली टॅकीहायड्राइटचे मीटरच्या हिशेबात मोजावेत असे जाड थर लागले. भूवैज्ञानिक नॉर्मन वॉर्डलॉ यांनी १९७२ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे अटलांटिकच्या पलीकडे, काँगो आणि गॅबनच्या किनाऱ्याखालच्या मिठातही हाच दगड आहे. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळात, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून नुकत्याच दूर सरकू लागल्या होत्या. मधल्या अरुंद खोलगट पट्ट्यात समुद्राचं पाणी शिरायचं, आटायचं, पुन्हा शिरायचं. आज महासागराच्या दोन तीरांवर असलेले हे थर तेव्हा शेजारीशेजारी बसले. थायलंड आणि लाओसमधल्या कोरात पठाराखालीही तो आहे, आणि तोही क्रिटेशस काळातलाच.

एकाच कालखंडात तीन ठिकाणी हा कॅल्शियमखोर दगड का? भूवैज्ञानिक लॉरेन्स हार्डी यांनी १९९६ मध्ये मांडलेला विचार मला फार पटतो: समुद्राच्या पाण्याची घडणच काळानुसार बदलत आली आहे. समुद्रतळाच्या भेगांतून वर येणाऱ्या तप्त बेसॉल्टमधून (आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर म्हणजेही बेसॉल्टच) पाणी फिरतं, तेव्हा ते मॅग्नेशियम देतं आणि कॅल्शियम घेतं. क्रिटेशस काळात हे तळ वेगाने पसरत होते, म्हणून समुद्र कॅल्शियमने श्रीमंत होता. जुन्या मिठाच्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब तपासल्यावर त्याला दुजोरा मिळाला. सर्जिपीत भेगांतून वर आलेल्या गरम खारट पाण्याचाही हात असावा, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि तेही शक्य आहे.

या दगडात एक जुना तापमापकही दडलेला आहे. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळवणारे व्हँट हॉफ बर्लिनमध्ये श्टासफुर्टच्या क्षारांवर कित्येक वर्षं काम करत होते. त्यांना आढळलं, की टॅकीहायड्राइट सुमारे २२ अंश सेल्सिअसच्या वरच तयार होतो. त्याखाली त्याचे दोन क्षार वेगवेगळे राहतात. म्हणजे ज्या खाजणात तो बसला, तिथलं पाणी थंड नव्हतं. आणि तो आजवर टिकला, याचा अर्थ वरच्या-खालच्या मिठाने त्याला इतकं घट्ट बंद ठेवलं, की ११ कोटी वर्षांत बाहेरचं गोडं पाणी तिथवर पोहोचलंच नाही. आज हाच दगड उष्णता साठवण्यासाठी वापरता येईल का, याचा अभ्यास जर्मनीत झाला आहे. पाणी सोडताना तो उष्णता शोषतो, पाणी परत धरताना ती देतो.

सर्जिपीत १९८५ पासून पोटॅशची खाण चालते. तिथे हवा असलेला पोटॅशचा थर वर आणि टॅकीहायड्राइट खाली. खालचा हा थर नुसता विरघळतो असं नाही, तर वरच्या भाराखाली साध्या मिठापेक्षा कितीतरी वेगाने सरकतो, दाबल्यावर मऊ गूळ पसरावा तसा. म्हणून खाणकाम करताना दोहोंच्या मध्ये मिठाची जाड लादी जशीच्या तशी सोडून दिली जाते. त्या लादीखाली, ना हवा ना पाणी अशा काळोखात, तो मधाच्या रंगाचा थर अजून कोरडा आहे.