दादी, तुझा पीस कुठे?

पिरंगुटला राहणाऱ्या माणसाची संध्याकाळ भूगावच्या कोंडीत जाते. २०२३ साली चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाला, तिथली अडचण कमी झाली. पण पुढचा भूगाव-भुकूमचा रस्ता होता तसाच आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. एकाची कंपनी इथेच उरवडे रस्त्याला, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. दुसरीची नोकरी कोथरूडला. घरात तीन मुले आणि अम्मी. अम्मी मूळच्या म्हसळ्याकडच्या; अब्बांच्या इंतकालानंतर ताम्हिणी घाट चढून आमच्याकडे आल्या. असे आम्ही सहा जण एका दस्तरखानावर बसतो, असे आम्ही समजत होतो. ते तितकेसे खरे नव्हते, हे आम्हाला गेल्या रमजानमध्ये एका ट्रेमुळे कळले.

मार्च महिन्यात आपल्याकडे इफ्तार पावणेसातच्या सुमारास होतो. घरी पोहोचायला सहा वाजतात. त्यानंतर कांदा-खोबरे भाजायचे, वाटण करायचे, रस्सा उकळायचा, भाकऱ्या थापायच्या. हे सगळे रोजा धरून. आमच्यापैकी एक जण भजी तळत असे, दुसरा फळे चिरत असे, आणि अजान झाली की अम्मी गॅसजवळ उभ्या उभ्याच खजूर तोंडात टाकायच्या. "तुम्ही बसा, माझे झालेच," हे त्यांचे रोजचे वाक्य. बसायच्या तेव्हा आमची जेवणे उरकलेली असत.

मोठ्या मुलीच्या केकसाठी घेतलेला ओटीजी वर्षभर माळ्यावर पडून होता. आम्ही ठरवले की आठवड्यातून दोन दिवस चिकन आणि बटाटे एकाच ट्रेमध्ये भाजायचे. गॅसजवळ कोणी उभे राहायचे नाही.

अम्मींना हे पटले नाही. त्यांचा आक्षेप चवीचा नव्हता. त्या म्हणाल्या, "भाजलेल्या कोंबडीला रस्सा नसतो. दारात कोणी आले तर वाढवणार काय?" आपल्या घरांत लहानपणापासून शिकवतात की हंडीत पाणी थोडे जास्त घालावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी. भाजलेल्या चिकनमध्ये पाणी कुठे घालणार? तिथे मोजलेले तुकडे असतात. या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हते.

पहिला दिवस फसला

पहिल्या वेळी आम्ही अख्खी कोंबडी आणली, आठ तुकडे केले, मसाला लावला आणि बटाट्यांसोबत ट्रेमध्ये ठेवली. इफ्तारनंतर ट्रे दस्तरखानावर आला तेव्हा छातीचे तुकडे कोरडे ठक्क झालेले आणि मांडीचे तुकडे हाडाजवळ कच्चे. बटाटे खाली वाफेने मऊ पडलेले. मांड्या पुन्हा ओव्हनमध्ये गेल्या आणि मुले भाताबरोबर लोणचे खात बसली.

पण खरी गोष्ट पुढे झाली. रश्श्याच्या पातेल्यात कोणाच्या ताटात काय गेले ते दिसत नाही. ट्रेमध्ये सगळे दिसते. दोन लेग दोन मुलांच्या ताटात गेले, मांड्या आम्हा दोघांच्या, छातीचे तुकडे उरलेल्या ताटांत. मग धाकटीने ट्रेकडे पाहिले, अम्मींच्या ताटाकडे पाहिले आणि विचारले, "दादी, तुझा पीस कुठे?"

अम्मींच्या ताटात मानेचा तुकडा आणि चार बटाटे होते. त्या म्हणाल्या, "मला बटाटाच आवडतो, बेटा."

हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकले आहे आणि खरे मानले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

सहा माणसे, सहा लेग

पुढच्या वेळी आम्ही चिकनवाल्याला सांगितले, अख्खी कोंबडी नको. मांडीसकट सहा लेग द्या. यात दोन प्रश्न एकदम सुटले. सहा जणांना सारखाच तुकडा मिळाला. आणि सगळे तुकडे एकाच जातीचे असल्याने एकाच वेळी शिजले. छातीचे मांस लवकर शिजते आणि लवकर कोरडे पडते, मांडीला वेळ लागतो. दोन्ही एका ट्रेमध्ये ठेवले की एकाचे नुकसान ठरलेले. नुसते लेग थोडे महाग पडतात, पण वाया काहीच जात नाही.

आज लेग वेगळे विकत मिळतात ते ब्रॉयलर कोंबडीमुळे, आणि त्या व्यवसायाचे मोठे केंद्र आपले पुणेच आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली, आणि १९८२ साली अंडी उत्पादकांना एकत्र आणणारी एनईसीसी उभी राहिली. अम्मींच्या लहानपणी कोंबडी म्हणजे अंगणातली गावरान कोंबडी, पाहुणा आला किंवा ईद आली तरच कापायची. एका कोंबडीत दहा-बारा माणसे जेवायची, म्हणून रस्सा. कोणाला लेग आणि कोणाला मान हे तिथूनच ठरत आले.

एक सूचना इथेच करतो. ताम्हिणीच्या रस्त्यावर चुलीवरच्या गावरान चिकनच्या पाट्या जागोजागी दिसतात; ती कोंबडी या पाककृतीसाठी घेऊ नये. तिचे मांस चिवट असते, तिला रश्श्यातच शिजवावे.

साहित्य (सहा जणांसाठी)

मांडीसकट चिकन लेग ६ (सुमारे दीड किलो), बटाटे १ किलो, मोठे कांदे ३, लसणाचा १ अख्खा गड्डा, घट्ट दही अर्धी वाटी, आले-लसूण वाटण २ मोठे चमचे, लिंबे २, हळद १ चहाचा चमचा, काश्मिरी मिरची पूड २ चमचे, धणे पूड १ मोठा चमचा, जिरे पूड १ चमचा, ताजी कुटलेली मिरी १ चमचा, तेल ४ मोठे चमचे, मीठ चिकनसाठी अडीच आणि बटाट्यांसाठी दीड चहाचा चमचा, वरून कोथिंबीर.

मीठ मोजून दिले आहे त्याला कारण आहे. रोजात चव घेऊन पाहणे आम्ही टाळतो. रश्श्यात अंदाज चुकतो. इथे एकदा माप बसले की महिनाभर तेच चालते. मिरची जास्त घालू नये, रात्रभर तहान लागते.

कृती

चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात आणि धारेचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर उडतात. खोल भांड्यात पाणी घेऊन हळूच धुवावे, पाणी सावकाश ओतावे, मग हात आणि सिंक साबणाने धुवावे. धुतलेले तुकडे फडक्याने कोरडे करावेत.

आपल्याकडे दुकानदार चिकन सोलूनच देतात. कातडीसकट मिळाले तर वरून छान खरपूस होते, पण सोललेले असले तरी बिघडत नाही. दही आणि तेल त्याला कोरडे पडू देत नाहीत. प्रत्येक लेगला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्यात. दही, वाटण, एका लिंबाचा रस, सगळे मसाले, अडीच चमचे मीठ आणि दोन मोठे चमचे तेल एकत्र करून चिरांमध्ये चोळावे. रमजानमध्ये हे काम आम्ही सहरीनंतर करतो आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवतो. संध्याकाळपर्यंत मसाला आत मुरतो. एरवी चार तास पुरतात.

बटाट्याची साल काढावी किंवा ठेवावी, पण हिरवा पडलेला भाग काढून टाकावा. तो कडू असतो आणि पोटाला बाधतो. आपल्या जिल्ह्यातल्या आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटा बाजारात आलेला असेल तर तो जरूर घ्यावा. शीतगृहातला बटाटा गोडसर झालेला असतो आणि भाजताना लवकर काळा पडतो. तो काही दिवस घरात उघड्यावर, अंधाऱ्या जागी ठेवून मग वापरावा. बटाट्याच्या उभ्या जाडसर फोडी कराव्यात, पुसून कोरड्या कराव्यात. कांद्याचे चार-चार भाग करावेत.

आमची वेळ अशी असते. साडेपाचला मोठी मुलगी ओव्हन २०० अंशांवर लावते. दहा मिनिटांनी ट्रेमध्ये बटाटे, कांदे, उरलेले तेल आणि दीड चमचा मीठ घालून, एका थरात पसरून आत ठेवते. फोडी एकावर एक रचल्या तर वाफेने मऊ पडतात. ट्रे लहान असेल तर बटाटे पाऊण किलोच घ्यावेत. पंधरा मिनिटांनी बटाट्यांवर सहा लेग आणि सालीसकट लसणाच्या पाकळ्या ठेवायच्या. आता रस खाली बटाट्यांवर टपकत राहतो. पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. मध्ये एकदाच बटाटे हलवावेत. मगरिबची नमाज होईपर्यंत ट्रे बंद ओव्हनमध्ये गरम राहतो. शेवटी वरून दुसऱ्या लिंबाचा रस आणि कोथिंबीर.

शिजले की नाही हे पाहण्यासाठी सर्वांत जाड भागात, हाडाजवळ सुरी खुपसावी. रस स्वच्छ आला पाहिजे, गुलाबी नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश दाखवले पाहिजेत. कोवळ्या कोंबडीच्या हाडाभोवती शिजल्यावरही काळपट लाली राहू शकते, तेवढ्याने घाबरू नये. पण शंका असेल तर दहा मिनिटे आणखी ठेवावे. मुलांच्या ताटात शंका वाढू नये.

ट्रे स्टीलचा किंवा इनॅमलचा असावा. दही-लिंबू असल्याने पातळ ॲल्युमिनियमचा टाळावा. दीड हजार वॅटचा ओव्हन तासभर चालला तरी वीज दीड युनिटच्या आतच लागते.

ओव्हन नसेल तर

रुंद, जाड बुडाची कढई घ्यावी. तेलात बटाटे आठ मिनिटे लालसर करून बाजूला काढावेत. त्याच तेलात लेग मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटे परतावेत. बटाटे-कांदे परत घालून, कढईखाली तवा ठेवून, झाकण लावून मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटे ठेवावे. शेवटी झाकण काढून आच मोठी करावी म्हणजे पाणी आटून खरपूस होते. हा आपला दमच झाला. 'आईने-अकबरी'त दमपुख्त आहे, बटाटा मात्र नाही. तो पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला आणि त्यांचाच शब्द घेऊन आला. म्हणून अम्मी 'बटाटा' म्हणतात आणि उर्दू बोलणारी आमची भावजय 'आलू'.

मग पाहुणे आले

तिसऱ्या वेळी ट्रे ओव्हनमध्ये असतानाच दार वाजले. समोरच्या खोलीत कंपनीत काम करणारी, गाव सोडून आलेली दोन मुले राहतात. त्यांचा सिलिंडर संपला होता. इफ्तारपुरती चहाला जागा मागायला आली होती. अम्मींनी त्यांना आत बसवले आणि आमच्याकडे पाहिले. लेग सहा, माणसे आठ.

आम्ही आपापला लेग द्यायला निघालो होतो. अम्मींनी ट्रे स्वतःकडे ओढला. सहाही लेगचे मांस हाडांवरून सोडवले आणि बटाट्यांत मिसळून मोठ्या परातीत काढले. मग रिकाम्या ट्रेमध्ये दोन वाट्या कडकडीत गरम पाणी ओतले, तळाला चिकटलेला मसाला लाकडी उलथन्याने खरवडला आणि ते हाडांसह पातेल्यात ओतून पाच मिनिटे उकळले. लसणाच्या भाजलेल्या पाकळ्या त्यातच पिळल्या. इंद्रायणीचा भात होताच. त्या रश्श्याची चव आम्ही मुद्दाम करू म्हटले तरी येणार नाही. (ट्रे काचेचा असेल तर त्यात थेट पाणी ओतू नये, तडकतो.) आठ जण एका परातीभोवती बसलो आणि परात पुरली.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी त्यांनीच काढले. आता आमच्याकडे दर वेळी ट्रेचा रस्सा होतो, आणि तो एका डब्यातून समोरच्या खोलीत जातो. शेजारच्या काकू माळकरी आहेत. त्यांच्या घरी खजूर आणि कलिंगड जाते.

रमजान संपला, पण जुम्म्याच्या रात्रीचा ट्रे चालू आहे. सुरुवातीला अम्मी आपल्या लेगचा अर्धा भाग गुपचूप धाकटीच्या ताटात सरकवायच्या. धाकटी तो परत ठेवायची. एका जुम्म्याला त्यांनी तो पूर्ण खाल्ला, हाड स्वच्छ करून ताटाच्या कडेला ठेवले आणि म्हणाल्या, "हाडाजवळचे मांस गोड असते, हे मी लोकांच्या तोंडूनच ऐकत आले होते."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

भगिनींनो आणि बंधूंनो, ही पाककृती सोपी आहे, जरूर करून पाहा. ट्रे दस्तरखानावर ठेवण्यापूर्वी घरातली माणसे मोजा, आणि जी व्यक्ती अजून गॅसजवळ उभी आहे तिला हाक मारा. ती येऊन बसली की मगच बिस्मिल्लाह म्हणा.